चिठ्ठी टाकून कामवाटप: रँडम लोड बॅलन्सिंगचं गणित, अगदी पहिल्यापासून

शंभर यंत्रं, म्हणजे संगणक, आहेत आणि हजार कामं. कुठलं काम कुणाला द्यायचं? सर्वांत आळशी उत्तर असं: चिठ्ठी टाका. ज्याचं नाव निघेल त्याच्या गळ्यात काम मारा आणि पुढचं काम उचला. कुणाकडे किती साचलंय ते बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, कुठे नोंद ठेवायची नाही.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोनपैकी एक काहीतरी वाटतं. एक तर हा निव्वळ बेजबाबदारपणा वाटतो, नाहीतर वाटतं की सरासरीने प्रत्येकाला दहा कामं येतीलच, मग काळजी कसली? दोन्ही समज अर्धवट आहेत. चिठ्ठी कधी फुकटात उत्तम काम करते, कधी तोंडघशी पाडते, आणि यातलं काय होणार हे आधीच कागदावर काढता येतं. त्यासाठी अकरावी-बारावीतली संभाव्यता पुरते. जवळ कागद-पेन्सिल ठेवा, आणि वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर फारच छान.

आधी एक शंका: चिठ्ठीच कशाला?

पाळीपाळीने वाटलं तर? पहिलं काम पहिल्या यंत्राला, दुसरं दुसऱ्याला, असं फिरत राहायचं. कामं सारखी असतील तर हे चिठ्ठीपेक्षा चांगलं. पण यंत्रं दहा आहेत आणि येणाऱ्या कामांत नेमकं दर दहावं काम जड आहे असं समजा. मग सगळी जड कामं एकाच यंत्राच्या बोकांडी बसतात. असे छुपे ताल खऱ्या कामांत वाटतं त्यापेक्षा खूप आढळतात. चिठ्ठीला ताल नसतो, त्यामुळे कुठल्याही तालाशी तिची गाठ पडत नाही.

मग मधे एक मुकादम बसवावा, जो सगळ्यांचा भार बघून वाटप करेल? यंत्रं थोडी असतील तर जरूर बसवा. रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक काम त्या क्षणी सर्वांत आधी मोकळ्या होणाऱ्या यंत्राला दिलं, तर लागणारा वेळ सर्वोत्तम वाटपाच्या दुपटीच्या आतच राहतो. पण यंत्रं हजारांत गेली की मुकादमच अडथळा होतो. सगळे त्याच्या दाराशी रांग लावतात, आणि त्याच्या वहीतले आकडे वाचून होईपर्यंत शिळे झालेले असतात.

पायरी १: सरासरी बाजूला ठेवा, सर्वांत मोठा आकडा बघा

समांतर कामात बहुतेक वेळा सगळी यंत्रं एका टप्प्यावर एकमेकांसाठी थांबतात. शेवटचं यंत्र पोचल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. म्हणजे टप्प्याला लागणारा वेळ ठरवतं ते सर्वांत लादलेलं यंत्र. सरासरीला तिथे काही किंमत नाही.

वरचंच उदाहरण घ्या. हजार कामं, शंभर यंत्रं, प्रत्येक काम एक सेकंदाचं. सरासरी दहा सेकंद. पण चिठ्ठी टाकल्यावर सर्वांत लादलेल्या यंत्राकडे साधारण १८-१९ कामं येतात. म्हणजे जे दहा सेकंदांत व्हायला हवं ते १८-१९ सेकंदांत होतं, आणि जवळजवळ निम्मी यंत्रशक्ती वाट बघण्यात जाते. कुणी "सरासरी भार छान आहे" म्हणालं की लगेच विचारा, कमाल किती? कमाल भागिले सरासरी हा एकच आकडा या सगळ्या लेखात आपण खाली आणायला बघतोय.

पायरी २: चेंडू आणि टोपल्या

यंत्र म्हणजे टोपली, काम म्हणजे चेंडू. गणितात हा खेळ जुना आहे, त्यामुळे उत्तरं तयार आहेत. हजार टोपल्या आणि हजार चेंडू घ्या. प्रत्येक चेंडू डोळे मिटून कुठल्यातरी टोपलीत टाकायचा.

एक ठरावीक टोपली रिकामी राहण्याची शक्यता किती? प्रत्येक चेंडू तिला चुकवण्याची शक्यता ९९९/१०००, आणि असे हजार चेंडू चुकायला हवेत. म्हणून (९९९/१०००)^१०००, म्हणजे जवळजवळ १/ई. इथे ई म्हणजे २.७१८ ही प्रसिद्ध संख्या. उत्तर येतं ०.३६८. चेंडू आणि टोपल्या समान असूनही सदतीस टक्के टोपल्या रिकाम्या! हा ०.३६८ लक्षात ठेवा, पुढे एका वेगळ्याच वळणावर तो पुन्हा भेटणार आहे.

पुढचे आकडे काढायला तर फारच सोपी युक्ती आहे. बरोब्बर एक चेंडू असलेल्या टोपल्याही जवळपास ३६८ असतात. आता २ ने भागा: दोन चेंडूवाल्या १८४. त्याला ३ ने भागा: तीनवाल्या ६१. मग ४ ने: १५. मग ५ ने: ३. पुढे सहा किंवा जास्त चेंडूंच्या टोपल्या मिळून सरासरी ०.६, म्हणजे कधी एखादी असते, कधी नसते. यालाच प्वासाँ वितरण म्हणतात. तर हजारांच्या खेळात सर्वांत भरलेली टोपली पाच-सहा चेंडूंची असते, सरासरी एक असताना.

पायरी ३: हमी कशी द्यायची

वरचा हिशेब सरासरीचा झाला. "याहून वाईट होणार नाही" असं ठामपणे सांगायचं तर एक छोटा युक्तिवाद पुरतो, आणि तो पाठच करावा असा आहे.

एका टोपलीत निदान क चेंडू पडले, म्हणजे क चेंडूंचा कुठलातरी एक अख्खा गट त्या टोपलीत पडला. एका गटाची तशी शक्यता (१/१०००)^क. असे गट जास्तीत जास्त १०००^क ÷ क! एवढे. इथे क! म्हणजे क चं क्रमगुणित, १ × २ × ३ असं क पर्यंत. गुणाकार केला की हजार उडून जातात आणि उरतं फक्त १/क!. टोपल्या हजार, म्हणून कुठल्याही एका टोपलीत असं घडण्याची शक्यता १०००/क! पेक्षा जास्त असूच शकत नाही. ७! म्हणजे ५०४०, तेव्हा सात चेंडूंसाठी मर्यादा २० टक्के. ८! म्हणजे ४०,३२०, तेव्हा आठसाठी फक्त २.५ टक्के. झाली हमी: ९७ टक्क्यांहून जास्त वेळा कुठलीही टोपली आठपर्यंत पोचत नाही.

दहा लाख टोपल्या, दहा लाख चेंडू घेतले तर? ११! जवळजवळ चार कोटी आहे, म्हणून अकरासाठी पुन्हा २.५ टक्केच. प्रत्यक्षात कमाल ८-९ येते. खेळ हजारपट वाढला तरी कमाल तीनेकनेच वाढली, कारण क्रमगुणित भन्नाट वेगाने वाढतं.

पुस्तकांत हीच गोष्ट "कमाल भार साधारण लॉग य ÷ लॉग लॉग य" अशी लिहितात. य म्हणजे यंत्रांची संख्या, लॉग नैसर्गिक. सूत्र खरं आहे, पण ते य अनंताकडे जाताना. त्यात दहा लाख घालून बघा, ५.३ येतं, आणि प्रत्यक्षात तर ८-९. नवखी मंडळी सूत्रात आकडा घालतात आणि तेच उत्तर समजून बसतात. सूत्र वाढीचा वेग सांगतं. आकडा हवा असेल तर क्रमगुणिताचा हिशेब करा.

पायरी ४: कामं किती बारीक करायची

माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. यावर लोक सर्वांत कमी बोलतात.

यंत्रं शंभरच ठेवा आणि कामांची संख्या वाढवत जा. दर यंत्री सरासरी १० कामं असताना कमाल १८-१९ होती, म्हणजे ८०-९० टक्के जादा. दर यंत्री १०० केली तर कमाल साधारण १२५, म्हणजे पंचवीस टक्के जादा. दर यंत्री १०,००० केली तर कमाल १०,२५० च्या आसपास. जादा भार अडीच टक्के! चिठ्ठी तीच आहे, तरी तिचा तोटा दिसेनासा झाला.

कारण सरळ आहे. सरासरी जर स असेल तर तिच्याभोवतीचा चढउतार साधारण स च्या वर्गमुळाएवढा असतो. सरासरी शंभरपट झाली की चढउतार दहापटच होतो, म्हणून टक्क्यांत तो दहावा हिस्सा उरतो.

आता हमी. हर्मन चेर्नॉफ यांच्या नावाची एक मर्यादा आहे, १९५२ सालची. (ती खरं तर आपले सहकारी हर्मन रुबिन यांची, असं खुद्द चेर्नॉफ यांनी पुढे सांगितलं. पण नाव चिकटलं ते चिकटलं.) तिचं आपल्या कामाचं सोपं रूप असं: एका यंत्राला सरासरीपेक्षा ज या प्रमाणात जादा काम येण्याची शक्यता जास्तीत जास्त ई^(−स × ज² ÷ ३). दहा टक्के जादा म्हणजे ज = ०.१. ज एकपेक्षा मोठा नसावा एवढीच अट.

यंत्रं १०० आहेत. कुठल्याही यंत्राला दहा टक्क्यांहून जास्त जादा भार येऊ नये, आणि ही हमी हजारात एकदाच चुकावी. मग १०० × ई^(−स × ०.०१ ÷ ३) हे ०.००१ पेक्षा कमी हवं. उलटवलं की:

स = ३ × लॉग(यंत्रं ÷ चुकीची मुभा) ÷ ज²

१०० ÷ ०.००१ म्हणजे एक लाख, त्याचा नैसर्गिक लॉग ११.५. स येतो साधारण ३,४५०. दर यंत्री एवढी कामं असतील तर डोळे मिटून चिठ्ठी टाका.

या सूत्राशी थोडं खेळून बघा. यंत्रं १०० ऐवजी १००० केली तर स फक्त ४,१५० पर्यंत जातो, कारण यंत्रांची संख्या लॉगच्या आत दडलेली आहे. पण दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के जादा चालणार असेल, तर स एकदम ८६० वर उतरतो, कारण ज चा वर्ग आहे. म्हणजे यंत्रं वाढली म्हणून घाबरायचं कारण नाही, अचूकतेचा हट्ट मात्र महाग पडतो. चेर्नॉफची मर्यादा जरा भित्री आहे हेही सांगून टाकतो. वरच्या उदाहरणात प्रत्यक्षात तिच्या साधारण निम्म्या कामांत भागतं.

कामं लहानमोठी असतील तर? मग कामं मोजू नका. "दर यंत्री सरासरी भार ÷ सर्वांत मोठं एक काम" हा आकडा काढा आणि स च्या जागी तो वापरा. यातून एक गोष्ट लख्ख दिसते. एकच काम सरासरी भारापेक्षाही अवाढव्य असेल तर हा आकडा १ च्या खाली जातो, आणि मग चिठ्ठीच काय, कुठलीच हुशारी तुम्हाला वाचवत नाही. ते काम फोडावंच लागतं. उलट कामांचा अगदी भुगा केला तर प्रत्येक काम पाठवण्या-उचलण्याचाच खर्च कामापेक्षा जास्त होतो. खालची मर्यादा सूत्र देतं, वरची तुमचं घड्याळ.

माहितीच्या प्रत्येक नोंदीची किल्ली (तिचं ओळखनाव) हॅश करून, म्हणजे सूत्राने तिचा रँडमसारखा आकडा काढून, नोंदी यंत्रांत वाटतात तिथेही हेच गणित लागतं, पण दोन सापळे आहेत. पहिला लोकप्रिय किल्लीचा. एकाच किल्लीकडे दहा टक्के वर्दळ असेल तर जिथे ती पडली त्या यंत्राला दहा टक्के वर्दळ घ्यावीच लागणार. दुसरा सापळा कन्सिस्टंट हॅशिंगचा. १९९७ पासून माहीत असलेली ही पद्धत यंत्रांना वर्तुळावर रँडम जागा देते, आणि प्रत्येक यंत्र आपल्या कमानीतल्या किल्ल्या सांभाळतं. शंभर यंत्रांना एकेकच जागा दिली तर सर्वांत मोठी कमान सरासरीच्या ५.२ पट भरते. म्हणून प्रत्येक यंत्राला वर्तुळावर शंभर-दोनशे जागा देतात. काम बारीक करण्याचाच हा दुसरा अवतार.

पायरी ५: एकाऐवजी दोन चिठ्ठ्या

कामं बारीक करता येत नसतील तेव्हा काय? इथे या विषयातली सर्वांत सुंदर युक्ती येते. दोन चिठ्ठ्या काढा, त्या दोनच यंत्रांचा भार बघा आणि जे हलकं असेल त्याला काम द्या. बस, एवढंच.

अझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल यांनी १९९४ मध्ये याचं गणित मांडलं. एक चिठ्ठी असताना कमाल भार लॉग य ÷ लॉग लॉग य या वेगाने वाढतो. दोन चिठ्ठ्या केल्या की तो लॉग लॉग य ÷ लॉग २ अधिक एक छोटी स्थिर संख्या एवढाच उरतो. लॉगचाही लॉग! हजारांच्या खेळात कमाल पाच-सहावरून तीनवर येते, आणि दहा लाखांच्या खेळात आठ-नऊवरून चारवर. रिकाम्या टोपल्याही ३६.८ टक्क्यांवरून २३.८ टक्क्यांवर उतरतात.

हे का होतं ते समजून घेणं अवघड नाही. चेंडू जेवढे, टोपल्या तेवढ्याच. मग दोन किंवा जास्त चेंडू असलेल्या टोपल्या निम्म्यापेक्षा जास्त असूच शकत नाहीत, नाहीतर चेंडूच पुरणार नाहीत. आता कुठल्याही टोपलीत तिसरा चेंडू पडायचा तर दोन्ही चिठ्ठ्या अशा भरलेल्या टोपल्यांच्याच निघायला हव्यात. शक्यता १/२ × १/२, म्हणजे १/४. म्हणून तीनवाल्या टोपल्या फार तर १/४. चौथा चेंडू पडायला दोन्ही चिठ्ठ्या तीनवाल्यांच्या हव्यात: १/१६. पाचवा: १/२५६. सहावा: १/६५,५३६. सातवा: चारशे कोटींत एक. प्रत्येक पायरीला आधीच्या अपूर्णांकाचा वर्ग होत जातो. एका चिठ्ठीत दर पायरीला फक्त २ ने, ३ ने, ४ ने भागाकार होत होता. पक्क्या सिद्धतेत या "फार तर"ला नीट टेकू द्यावा लागतो, पण गाभा हाच.

मग तीन चिठ्ठ्या का नकोत? चार का नकोत? सूत्रात लॉग २ च्या जागी लॉग ३ येतो, एवढाच फरक पडतो. खरी उडी एकावरून दोनवर जाताना आहे. त्यापुढे प्रत्येक चिठ्ठीमागे एक विचारणा वाढते आणि मिळतं थोडंसंच.

हे रांगांच्या भाषेत आणखी उठून दिसतं. कामं सतत येत आहेत, होऊन जात आहेत, आणि प्रत्येक यंत्रापुढे रांग आहे. याला सुपरमार्केट मॉडेल म्हणतात. १९९६ मध्ये एकीकडे व्वेदेन्स्काया, दोब्रुशिन आणि कार्पेलेविच यांनी आणि दुसरीकडे मायकेल मिट्झेनमाकर यांनी आपल्या प्रबंधात ते सोडवलं. यंत्रं खूप आहेत, कामं प्वासाँ पद्धतीने (एकमेकांशी संबंध न ठेवता, रँडम क्षणी) येतात आणि एका कामाला लागणारा वेळ घातांकी वितरणाचा, सरासरी एक सेकंद आहे असं धरा. यंत्रं ९० टक्के व्यग्र असताना एका चिठ्ठीने काम सरासरी १० सेकंदांत बाहेर पडतं, दोन चिठ्ठ्यांनी २.६१ सेकंदांत, तीन चिठ्ठ्यांनी २.०३ सेकंदांत. व्यग्रता ९९ टक्के केली तर एका चिठ्ठीने १०० सेकंद, दोन चिठ्ठ्यांनी ५.४३, तीन चिठ्ठ्यांनी ३.८६. शंभरवरून साडेपाचवर, आणि तेही एक जादा प्रश्न विचारून!

आकडा पडताळायचा असेल तर सूत्र छोटं आहे. व्यग्रता ०.९ असेल तर १ + ०.९^२ + ०.९^६ + ०.९^१४ + ०.९^३० असं मिळवत जा. घातांक दर वेळी दुप्पट अधिक दोन. पाच-सहा पदांत बेरीज थांबते.

आता हे फक्त कागदावरचं राहिलेलं नाही. एनजिनक्स या प्रसिद्ध वेब सर्व्हरमध्ये २०१८ पासून दोन रँडम सर्व्हर निवडून त्यातला हलका घेण्याची सोय आहे. एचएप्रॉक्सी या वर्दळ वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहे.

पायरी ६: शिळी माहिती आणि झुंड

इथे नेहमी एक प्रश्न येतो: भार बघायचाच आहे तर दोनचाच का? सगळ्यांचा बघून सर्वांत हलकं यंत्र का घेऊ नये?

कारण भाराचा आकडा नेहमी थोडा जुना असतो. समजा भाराचा फलक दर सेकंदाला ताजा होतो आणि एका सेकंदात हजार कामं येतात. फलकावर सतरा नंबरचं यंत्र सर्वांत हलकं दिसतंय. मग ती हजारही कामं सतरा नंबरवर तुटून पडतात. पुढच्या सेकंदाला ते गाडलेलं असतं आणि झुंड दुसरीकडे वळते.

दोन चिठ्ठ्यांत हे घडूच शकत नाही. एखादं यंत्र कितीही हलकं दिसलं तरी दोन चिठ्ठ्यांपैकी एकीवर त्याचं नाव यावं लागतं, आणि ती शक्यता २/य. म्हणजे सरासरी ओघाच्या दुपटीपेक्षा जास्त ओघ त्याच्याकडे येत नाही. चिठ्ठ्या दहा केल्या तर हीच मर्यादा सरासरीच्या दहापट होते. म्हणून माहिती शिळी असेल तेव्हा जास्त चिठ्ठ्या उलट नुकसान करतात.

याच मर्यादेचा आणखी एक फायदा बहुतेकांना अपघातानंतर कळतो. बिघडलेलं यंत्र पुष्कळदा काम न करता झटकन चूक परत करतं. त्यामुळे त्याची रांग कायम रिकामी दिसते. "सर्वांत हलकं घ्या" हा नियम असेल तर सगळी वर्दळ त्या बिघडलेल्या यंत्राच्या घशात जाते. दोन चिठ्ठ्या असतील तर शंभर यंत्रांत फार तर दोन टक्के.

पायरी ७: वाटण्याऐवजी चोरू द्या

आतापर्यंत काम येताच आपण त्याची जागा ठरवत होतो. पण एकाच यंत्राच्या आत अनेक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसर) असतील, आणि एक काम पुढे दोन कामं जन्माला घालत असेल, त्या दोनांची चार होत असतील, तर आधी वाटप करणंच अवघड. तिथे उलटा मार्ग धरतात. ज्याचं काम संपलं त्याने चिठ्ठी टाकून एक सोबती निवडायचा आणि त्याच्याकडचं काम चोरायचं. याला वर्क स्टीलिंग म्हणतात.

प्रत्येक कोअरकडे दोन्ही टोकांनी उघडी रांग असते. मालक एका टोकाला नवं काम ठेवतो आणि तिथूनच उचलतो. चोर दुसऱ्या टोकाचं, म्हणजे सर्वांत जुनं काम नेतो. कामं फुटत जाणारी असल्याने जुनं काम बहुधा मोठं असतं. म्हणून एका चोरीत चोराला बराच वेळ पुरेल एवढं मिळतं, आणि मालकाशी धक्काबुक्कीही कमी होते.

रॉबर्ट ब्लुमॉफ आणि चार्ल्स लायसरसन यांनी १९९४ मध्ये याची मर्यादा सिद्ध केली. एकूण काम भागिले कोअर, अधिक एकामागून एक करावीच लागणारी सर्वांत लांब साखळी गुणिले एक स्थिर संख्या. अपेक्षित वेळ याच्या आत. एकूण काम १०,००० सेकंदांचं, सर्वांत लांब साखळी १० सेकंदांची आणि कोअर शंभर असतील, तर १०० सेकंद अधिक १० ची काही पट. साखळीपेक्षा लवकर तर कुणालाच संपवता येत नाही, त्यामुळे याहून फार चांगलं काही शक्यही नाही.

चोरी रँडमच का, याचं उत्तर पायरी २ मध्ये दडलंय. शंभर कोअरांवर शंभर चोरीचे प्रयत्न झाले, म्हणजे शंभर टोपल्यांत शंभर चेंडू. एक ठरावीक कोअर सुटण्याची शक्यता तीच ०.३६८. म्हणजे ज्याच्याकडे खोळंबलेलं महत्त्वाचं काम आहे त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचण्याची शक्यता ६३ टक्के. अशा थोड्याच फेऱ्यांत साखळी एक कडी पुढे सरकते. म्हणून एकूण चोऱ्यांची संख्या कोअर गुणिले साखळी या प्रमाणात राहते. काम अवाढव्य असलं तरी चोऱ्या वाढत नाहीत. चोरीचा खर्च उपाशी कोअर उचलतो, आणि तो तर नाहीतरी रिकामाच बसला होता.

पायरी ८: स्वतः करून बघा

हजार शून्यांची यादी घ्या. हजार वेळा एक रँडम जागा निवडून तिथे एक मिळवा. शेवटी शून्यं किती उरली आणि सर्वांत मोठा आकडा किती, ते छापा. ३६८ च्या आसपास शून्यं आणि कमाल पाच-सहा यायला हवी. मग दोन जागा निवडून लहान आकड्याच्या जागी एक मिळवा. २३८ च्या आसपास शून्यं आणि कमाल तीन. हे शंभर वेळा करा, कारण एका खेळावरून काहीच सिद्ध होत नाही. यादी एक लाखाची केली तर एका चिठ्ठीने सात-आठ आणि दोन चिठ्ठ्यांनी तीन-चार दिसेल.

आकडे जुळले नाहीत तर गणितावर संशय घेण्याआधी रँडम आकड्यांकडे बघा. मी स्वतः एकदा यात दोन दिवस घालवले आहेत. एका यंत्रावर सगळं अगदी पुस्तकात असावं तसं चालत होतं. चोवीस प्रक्रिया (त्याच प्रोग्रॅमच्या चोवीस प्रती) एकदम सुरू केल्या की मात्र कमाल आभाळाला भिडायची. कारण असं निघालं की चोवीसही प्रक्रियांना रँडम आकड्यांचं बीज, म्हणजे ज्यावरून ते आकडे तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, मी एकच दिलं होतं. प्रत्येक जण एकाच क्षणी तीच चिठ्ठी काढत होता, आणि चोवीस जण मिळून एकाच टोपलीवर चेंडू फेकत होते. बीज म्हणून फक्त सेकंदातली वेळ वापरली तरी हेच होतं, कारण सगळ्या प्रक्रिया एकाच सेकंदात उठतात. वेळेसोबत प्रक्रियेचा क्रमांकही मिसळा, आणि सुरुवातीला प्रत्येक प्रक्रियेच्या पहिल्या पाच चिठ्ठ्या छापून शेजारी-शेजारी ठेवून बघा.